फझ, फीडबॅक आणि त्याखालचं गाणं : गोंगाटी गिटार-पॉपचा पहिला अल्बम कसा करावा

आम्ही तिघांनी आमचा पहिला अल्बम पूर्ण केला तेव्हा त्यात ९ गाणी होती आणि एकूण लांबी ३७ मिनिटं. काळोखी, खरखरीत, फीडबॅकने (स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून उठणाऱ्या किंकाळीने) भरलेली गाणी, पण प्रत्येकाची चाल गुणगुणता येईल अशी. हे करायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्यातले पहिले पाच महिने रेकॉर्ड केलेलं सगळं शेवटी टाकून द्यावं लागलं. वाद्यं बरी होती, मेहनतही कमी नव्हती. कामाचा क्रम मात्र उलटा होता. आधी आवाज सापडू दे, गाणं त्यातून निघेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

तुमचे ते पाच महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. तुम्हाला गिटार थोडीफार वाजवता येते, एक-दोन सोबती आहेत किंवा तुम्ही एकटेच आहात, आणि डोक्यात अशा प्रकारचा अल्बम घोळतोय, असं गृहीत धरलंय.

सुरुवातीला एवढं जवळ असलं की पुरे :

- एक इलेक्ट्रिक गिटार आणि एक बेस. दोन्ही नीट सेटअप करून घेतलेली, नव्या तारांसह.
- एक लहान अ‍ॅम्प. लहानच बरा, कारण तो कमी आवाजातही ताणता येतो.
- एक फझ पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारं, पायाने चालू-बंद करायचं यंत्र), एक डिले (प्रतिध्वनी देणारं), एक रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखा घुमारा देणारं). फझ दोन वेगळ्या जातींची असली तर उत्तम. पाच नकोत.
- ट्यूनर. याला पर्याय नाही.
- कमीत कमी दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (वाद्य आणि माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), एक डायनॅमिक माइक (मोठा आवाज सहज सोसणारा), डीआय बॉक्स (गिटार किंवा बेस माइकशिवाय थेट रेकॉर्ड करू देणारा).
- बंद प्रकारचे हेडफोन आणि कानात घालायचे इअरप्लग.
- दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्क.
- चिकटपट्टी, मार्कर आणि एक वही. ही वही का लागते ते पुढे येईलच.

## १. आधी चाल, मग गोंगाट

'द जीझस अँड मेरी चेन' या स्कॉटिश बँडचा 'सायकोकँडी' हा पहिला अल्बम १९८५ साली आला. या शैलीत येणारा प्रत्येक जण कधी ना कधी तिथे पोचतोच. पहिल्यांदा ऐकताना कानावर फक्त किंकाळणारा फीडबॅक येतो. चार-पाच वेळा ऐकल्यावर लक्षात येतं, की त्याखाली १९६० च्या दशकातल्या पॉपसारख्या साध्या, गोड चाली आहेत. पहिल्याच गाण्याचा ड्रमचा ठेका 'द रोनेट्स'च्या १९६३ च्या एका गाजलेल्या गाण्यातून आलेला आहे. गोंगाट काढून टाकला तरी ते गाणं उभं राहतं. उभं राहतं म्हणूनच त्याच्यावर एवढा गोंगाट रचता येतो.

म्हणून पहिला नियम असा, की गाणं पूर्ण होईपर्यंत फझला हात लावायचा नाही. साध्या गिटारवर, कुठलंही पेडल न जोडता, मुखडा आणि अंतरा गाऊन पाहा. फोनवर एकदा रेकॉर्ड करा आणि दोन दिवस ऐकू नका. तिसऱ्या दिवशी न ऐकता चाल आठवली, तर गाणं आहे. नाही आठवली, तर फझ लावून ते सुधारणार नाही. फक्त मोठं होईल.

आमची टाकून दिलेली गाणी याच परीक्षेत नापास झाली असती. आम्ही ती घेतलीच नाही. एक सुरेख घरघरता रिफ (पुन्हापुन्हा वाजणारा छोटा तुकडा) सापडला की त्यावर आठ मिनिटं वाजवायचो, खोलीत बसून ते भव्य वाटायचं. घरी जाऊन ऐकल्यावर त्यात गुणगुणण्यासारखं काहीच सापडायचं नाही.

काळोखाबद्दलही इथेच बोलतो, कारण नवीन माणूस तो चुकीच्या ठिकाणी शोधतो. सगळ्या कॉर्ड मायनर केल्या, शब्दांत रात्र, रक्त आणि राख भरली, की गाणं गडद होतं असं वाटतं. प्रत्यक्षात ते एकसुरी होतं. गडदपणा विरोधातून येतो. मेजर कॉर्डवरची, लहान मुलालाही गाता येईल अशी चाल घ्या, ती खालच्या पट्टीत, जवळजवळ निर्विकारपणे गा, आणि मागे काहीतरी सतत घासत राहू द्या. ऐकणाऱ्याला गोडवा कळतो आणि काहीतरी बिनसलंय हेही कळतं. शब्द साधे ठेवा. 'तू दार लावून गेलीस' एवढ्या ओळीत पुरेसा अंधार असतो, त्यावर उपमा चढवायची गरज नाही.

आणखी एक युक्ती. एक तार गाणंभर उघडी वाजत ठेवा, कॉर्ड बदलल्या तरी ती बदलू देऊ नका. तानपुऱ्यासारखा एक स्वर मागे धरलेला राहतो. काही कॉर्डशी तो जुळतो, काहींशी घासतो. त्या घासण्याने जे वातावरण तयार होतं ते चार पेडलं जोडूनही मिळत नाही.

## २. फझ काय करतो ते समजून घ्या

हा भाग थोडा तांत्रिक आहे. तरी वगळू नका, कारण पुढची अर्धी डोकेदुखी इथेच मिटते.

फझचा आवाज आधी बिघाड म्हणून जन्मला. १९६१ साली आलेल्या एका अमेरिकन कंट्री गाण्यात बेसचा एक तुकडा मिक्सिंग कन्सोलच्या नादुरुस्त चॅनेलमधून गेल्यामुळे घरघरत बाहेर पडला. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड नीट अभ्यासला आणि त्यावरूनच 'माएस्ट्रो फझ-टोन' हे पेडल १९६२ मध्ये बाजारात आलं.

पेडल करतं ते असं : गिटारचा सिग्नल इतका वाढवायचा की सर्किटला तो पेलवत नाही आणि लहरीचे वरचे-खालचे शेंडे कापले जातात. गोलसर लहर चौकोनी होत जाते. चौकोनी लहरीत मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे स्वर मिसळलेले असतात. खरखर ती त्यांची. शेंडे कापले गेल्यामुळे हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं जवळजवळ सारख्याच आवाजात येतं, म्हणून स्वर लांबतो.

खरी गंमत दोन स्वर एकत्र वाजवल्यावर सुरू होते. फझ त्या दोघांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी करून नवे स्वर तयार करतो. ११० हर्ट्झचा ए आणि त्याचा पंचम, म्हणजे १६४.८ हर्ट्झचा ई, एकत्र वाजवा. वजाबाकी ५४.८ येते. ती खालच्या सप्तकातल्या ए ला, म्हणजे ५५ ला, जवळजवळ चिकटून आहे. म्हणून षड्ज-पंचमाची पॉवर कॉर्ड फझमधून भक्कम आणि मोठी वाटते. आता त्याच ए बरोबर गंधार, म्हणजे १३८.६ हर्ट्झचा सी शार्प, वाजवा. वजाबाकी २८.६ येते, आणि जवळचा ए मात्र २७.५ वर असतो. खाली बेसूर गुरगुर सुरू होते. पूर्ण सहा तारांची कॉर्ड फझमधून चिखल का होते, त्याचं कारण हे.

मग गाण्यात गंधार आणायचा कसा? तो गायकाला द्या. किंवा दुसऱ्या गिटारवर, वेगळ्या फझमधून, एकेकट्या तारेवर वाजवा. प्रत्येक पेडलमधून एका वेळी एक किंवा दोनच स्वर जाऊ दे आणि कॉर्ड मिक्समध्ये (सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना) तयार होऊ दे. हे समजल्यावर आमचा अल्बम पहिल्यांदा अल्बमसारखा वाजायला लागला.

पेडलच्या जातींबद्दल थोडक्यात. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ मऊ, काहीसा उबदार असतो, पण तो तापमानाप्रमाणे बदलतो. गरम खोलीत एक आवाज, थंड खोलीत दुसरा. सिलिकॉनचा फझ स्थिर आणि धारदार. 'बिग मफ' जातीची पेडलं भिंतीसारखा आवाज देतात, पण मधल्या पट्ट्यातल्या कंपनसंख्या कापतात. एकट्याने वाजवताना हा आवाज प्रचंड वाटतो आणि बँडमध्ये गिटार गायब होते. 'रॅट' जातीची पेडलं उलट मधल्या पट्ट्यात ठाम उभी राहतात. तुमच्याकडे दोन फझ असतील तर या दोन टोकांचे ठेवा.

दोन सापळे मात्र लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या दोन ट्रान्झिस्टरच्या फझला थेट गिटार लागते. त्याच्या आधी बफर (सिग्नल न पडता पुढे पाठवणारं छोटं सर्किट) असलेलं पेडल लावलं, आणि बरीच ट्यूनर पेडलं बफर असलेली असतात, तर आवाज पातळ आणि टोचरा होतो. शिवाय गिटारचा व्हॉल्यूम कमी करून फझ स्वच्छ करायची सोयही जाते. असा फझ साखळीत सगळ्यात पहिला ठेवा. मी हे न कळल्यामुळे एक चांगलं पेडल खराब समजून महिनाभर कपाटात ठेवलं होतं. दुसरा सापळा विजेचा. काही जर्मेनियम पेडलं उलट्या ध्रुवाची, म्हणजे पॉझिटिव्ह ग्राउंडची असतात. ती बाकीच्या पेडलांबरोबर एकाच पॉवर सप्लायच्या साखळीत जोडली तर शॉर्ट होतं. त्यांना स्वतंत्र सप्लाय किंवा बॅटरीच द्या.

## ३. फीडबॅकला वाद्य म्हणून शिका

स्पीकरचा आवाज हवेतून तारांना हलवतो, तारांचं कंपन गिटारवरचा चुंबकी पिकअप उचलतो, ते पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतं. हे चक्र कोणत्या स्वरावर स्थिरावेल ते तुम्ही अ‍ॅम्पपासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात उभे आहात यावर बरंच अवलंबून असतं. एक पाऊल मागे सरकलात तर तोच स्वर वरच्या सप्तकात उडी मारू शकतो.

म्हणून जमिनीवर चिकटपट्टी लावा. गाण्याच्या शेवटी ई वर फीडबॅक हवा असेल, तर तो जिथे मिळतो ती जागा शोधा, खूण करा, वहीत लिहा : कुठलं पेडल, कुठला नॉब कुठे, गिटारचा व्हॉल्यूम किती, कुठली तार दाबलेली आणि कुठल्या तारा तळहाताने बंद केलेल्या. पुढच्या आठवड्यात तोच फीडबॅक पुन्हा काढता आला, म्हणजे तो तुमचा झाला. एकदाच नशिबाने सापडलेला आवाज गाण्यात बसवणं फार अवघड जातं.

फीडबॅक आणि पिकअपची गुणगुण यांत गल्लत करू नका. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप विजेच्या तारांमधली ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण उचलतो आणि फझ ती कित्येक पट वाढवतो. रेकॉर्डिंगच्या आधी गिटार हातात धरून जागेवर हळूहळू गोल फिरा. एका दिशेला गुणगुण कमी होते. त्या दिशेला तोंड करून वाजवा. डिमर लावलेले दिवे आणि लॅपटॉपचा चार्जर दूर ठेवा.

## ४. कान

हा टप्पा लहान आहे, पण तो मधेच टाकलाय कारण शेवटी टाकला तर कोणी वाचत नाही.

अमेरिकेतल्या 'नायोश' या कामाच्या जागच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेची मर्यादा अशी आहे : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला १ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रम आणि दोन अ‍ॅम्प असले की १०० सहज ओलांडले जातात. तुमची रिहर्सल १५ मिनिटांत संपत नाही.

इअरप्लग पहिल्या दिवसापासून घाला. आमचा ड्रमर 'नंतर बघू' म्हणाला होता. आता त्याला शांत खोलीत सतत एक बारीक शिट्टी ऐकू येते आणि ती जाणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. तो २६ वर्षांचा आहे. कृपा करून प्लग घाला.

## ५. गाणी निवडा आणि प्रत्येकाला एकच आवाज द्या

अल्बमला ९ ते ११ गाणी पुरतात. या शैलीत ३५ ते ४० मिनिटांपुढे कान थकतो, त्यापुढे कितीही चांगलं गाणं असलं तरी ते नुसतं ऐकलं जातं, पोचत नाही. पुढे कधी व्हायनिल काढायचा विचार असेल तर हीच लांबी सोयीची पडते, कारण १२ इंची, ३३⅓ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण २० मिनिटं चांगल्या आवाजात बसतात.

डेमो करा. फोनवर नाही, सॉफ्टवेअरमध्ये, पण एका दिवसात एक गाणं या वेगाने. मग वहीत प्रत्येक गाण्यासमोर चार गोष्टी लिहा : पट्टी, लय, लांबी, आणि त्या गाण्याचा मुख्य गोंगाट कोणता. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एखाद्या गाण्यात तो घरघरता बेस असेल, एखाद्यात उलटा (मागून पुढे वाजणारा) रिव्हर्ब, एखाद्यात फक्त शेवटच्या मिनिटातला फीडबॅक, एखाद्यात ट्रेमोलो आर्म (तारांचा ताण बदलणारा गिटारवरचा दांडा) हलवत वाजवलेली, डुलणारी कॉर्ड. सगळं सगळ्या गाण्यांत वापरलं की तिसऱ्या गाण्यापासून पुढे काही वेगळं ऐकू येत नाही.

वहीतल्या यादीत चार गाणी एकाच पट्टीत आणि एकाच लयीत दिसली तर दोन बाहेर काढा. आणि एक गाणं जवळजवळ रिकामं ठेवा. एक गिटार, एक आवाज. त्याच्या आजूबाजूच्या दोन्ही गाण्यांचा गोंगाट त्यामुळे दुप्पट वाटतो.

## ६. रेकॉर्डिंग

ड्रम आणि बेस आधी. ड्रमचा ठेका साधा ठेवा. 'सायकोकँडी'च्या काळात त्या बँडचा ड्रमर बॉबी गिलेस्पी उभा राहून फक्त एक स्नेअर आणि एक फ्लोअर टॉम असे दोनच ड्रम वाजवायचा. यामागे ऐकण्यासारखी गोष्ट अशी, की झांजा आणि फझ एकाच वरच्या पट्ट्यात भांडतात. क्रॅश (मोठ्याने कडकडणारी झांज) कमी वाजवला की गिटारला जागा मिळते. आमच्या ड्रमरने तीन गाण्यांत राइड झांजेऐवजी टॅम्बोरिन वापरली आणि ती गाणी आपोआप मोकळी झाली.

बेस दोन ट्रॅकवर घ्या. एक डीआय बॉक्समधून स्वच्छ, एक फझमधून. मिक्समध्ये खालचा भाग स्वच्छ ट्रॅकचा आणि वरची खरखर फझची ठेवायची. फक्त फझचा बेस घेतलात तर गाण्याचा पायाच नाहीसा होतो.

आता गिटार. इथे आम्ही सगळ्यात मोठी चूक केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खोलीत जेवढा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) छान वाटतो, त्यापेक्षा बराच कमी गेन रेकॉर्डिंगला लागतो. खोलीत आवाजाचा दाब छातीवर जाणवतो, रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो, उरते फक्त खरखर. त्यात तुम्ही तोच भाग दोनदा-तीनदा वाजवून थर देता, आणि प्रत्येक थराबरोबर खरखर वाढते, स्वर मात्र पुसट होत जातो. आम्ही एका गाण्यात १४ गिटार ट्रॅक घातले होते. शेवटी ११ काढले तेव्हा ते गाणं मोठं झालं. गेनचा नॉब जिथे आवडतो तिथून पाव फेरा मागे घ्या आणि थर तीनावर थांबवा.

'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या बँडचा १९९१ चा 'लव्हलेस' हा अल्बम ऐकून शंभर गिटारी असतील असं वाटतं. त्यांचे गिटारवादक केव्हिन शील्ड्स यांनी मात्र थर फार नव्हते असंच सांगितलंय. ट्रेमोलो आर्म हातात धरून कॉर्ड वाजवल्याने स्वर सतत वर-खाली डुलतो आणि एकाच गिटारचे अनेक भास होतात. त्याच अल्बमचं रेकॉर्डिंग १९८९ ते १९९१ असं लांबलं आणि स्टुडिओ सतत बदलत राहिले, हेही लक्षात असू द्या. पहिल्या अल्बमला मुदत ठरवा. आम्ही टाकून दिलेल्या गाण्यांनंतर पुन्हा सुरुवात करताना प्रत्येक गाण्याला तीन दिवस दिले होते, चौथ्या दिवशी पुढचं गाणं.

माइक लावताना 'एसएम ५७'सारखा साधा डायनॅमिक माइक पुरेसा आहे. तो स्पीकरच्या अगदी मध्यावर रोखला तर आवाज धारदार येतो, कडेकडे सरकवला तर मऊ. फझसाठी बहुतेक वेळा कडेची जागा बरी पडते. नॉब फिरवण्याआधी माइक दोन बोटं सरकवून बघा.

दोन माइक वापरायचे असतील तर फेज, म्हणजे दोन्हींच्या लहरी एकमेकींशी जुळतात का ते, तपासा. एक माइक दुसऱ्यापेक्षा १७ सेंटीमीटर मागे असेल, तर १००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन्ही मिळून एकमेकांना खोडतो, कारण त्या स्वराची अर्धी लहर साधारण तेवढीच लांब असते. एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. ज्या स्थितीत आवाज जाड वाटतो ती ठेवा. जमत नसेल तर एकच माइक ठेवा, काही बिघडत नाही.

बाकीचं भराभर :

- रेकॉर्डिंग २४ बिटवर. सर्वांत उंच शिखर -१० डेसिबलच्या आसपास. लाल दिव्यापर्यंत जायची गरज नाही, घाण हवी ती पेडलमधून यावी.
- प्रत्येक गिटार टेकबरोबर (एका वेळच्या वाजवण्याबरोबर) डीआयमधून स्वच्छ सिग्नलही वेगळ्या ट्रॅकवर घ्या. नंतर फझ आवडला नाही तर तोच वाजवलेला भाग पुन्हा पेडल आणि अ‍ॅम्पमधून काढता येतो. फीडबॅकचा भाग मात्र असा पुन्हा काढता येत नाही, तो त्या क्षणाचाच असतो.
- प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग. फझमध्ये किंचित उतरलेली तार भयंकर वाटते.
- दुहेरी गिटार हवी असेल तर पुन्हा वाजवा. कॉपी-पेस्टने फक्त आवाज वाढतो, रुंदी येत नाही.
- पेडलांच्या नॉबचे फोटो काढा, फाइलला गाण्याचं नाव द्या.
- रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी. आमची एक डिस्क मध्येच बंद पडली आणि दोन गाण्यांचे ड्रम कायमचे गेले.

## ७. गायन

या शैलीत आवाज गिटारच्या मागे असतो असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. पण मागे ठेवलेला आवाज आणि हरवलेला आवाज यांत फरक आहे. ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द कळला नाही तरी चालेल. चाल मात्र पूर्ण कळली पाहिजे.

माइकच्या जवळ जाऊन हळू गा. ओरडलं की फझशी स्पर्धा सुरू होते आणि त्यात फझच जिंकतो. हळू गायलेला, कानाशी बोलल्यासारखा आवाज मिक्समध्ये खाली ठेवला तरी जवळचा वाटतो. तोच भाग दुसऱ्यांदा गाऊन पहिल्याखाली ठेवा. दुसऱ्या वेळी शब्दांच्या शेवटचे स, त, च मुद्दाम पुसट गा, नाहीतर दोन्ही आवाजांची टोकं एकमेकांपुढे-मागे पडून टिकटिक ऐकू येते.

रिव्हर्ब लावाल तेव्हा मूळ आवाज आणि रिव्हर्ब यांच्यामध्ये ३० ते ६० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा. शब्द आधी पोचतो, धुकं नंतर. हे अंतर शून्य असेल तर गायक शेजारच्या खोलीत गेल्यासारखा वाटतो.

## ८. मिक्स

एका बाजूला चाल आहे, दुसऱ्या बाजूला गोंगाट, आणि दोघांना एकाच वेळी ऐकू यायचंय. मिक्सचं सगळं काम हेच आहे.

सुरुवात आवाज, ड्रम आणि स्वच्छ बेस यांच्यापासून करा. एवढ्यावर गाणं चाललं पाहिजे. मग गिटार एकेक करून आत आणा. बहुतेक लोक गिटारची भिंत आधी उभी करतात आणि मग तिच्यात गायकासाठी भोक पाडायला बघतात. ते फार कष्टाचं काम आहे.

गिटारचा १०० हर्ट्झखालचा भाग कापा, तिथे बेस आणि किक ड्रम राहतात. शब्द कळण्याचा पट्टा साधारण २ ते ४ किलोहर्ट्झ. मुख्य गिटार तिथे थोडी दाबा, जास्त नाही, दोन-तीन डेसिबल. फझ लावलेल्या गिटारला कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीला आणणारं साधन) लावू नका. फझने ते काम आधीच केलेलं आहे.

गिटारी डाव्या-उजव्या टोकांना ठेवल्या की मधली जागा गायकाला मिळते. मग संपूर्ण मिक्स मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून) ऐका. एखादी गिटार मोनोमध्ये गायब झाली तर फेजची भानगड आहे, परत जाऊन बघा.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. गोंगाटाचा परिणाम त्याच्या आधीच्या शांततेवर ठरतो. मुखड्याच्या आधी अर्धी मात्रा सगळं बंद करा. अंतऱ्यात गिटार तीन डेसिबल खाली घ्या. पहिला मुखडा एका फझचा, दुसरा दोघांचा, शेवटचा फीडबॅकसह. गाणंभर सगळं पूर्ण उघडं ठेवलं तर दहा सेकंदांत कान त्याला सरावतो आणि मग ते फक्त पार्श्वभूमीचं वादळ राहतं.

मिक्स करताना आवाज इतका कमी ठेवा, की शेजारी बसलेल्या माणसाशी सहज बोलता येईल. मोठ्या आवाजात सगळंच थरारक वाटतं. हळू आवाजातही अंगावर काटा आला, तर मिक्स झालं. दर तासाला दहा मिनिटं बाहेर जा.

## ९. मास्टरिंग

मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवर फिरवायचा शेवटचा हात. शक्य असेल तर हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या, ज्याने ही गाणी आधी ऐकलेली नाहीत. देताना शेवटचा लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) काढून, वर काही डेसिबल मोकळे ठेवून २४ बिटची वेव्ह फाइल द्या. 'खरखर मुद्दाम आहे' हे लिहून कळवा, नाहीतर सज्जन इंजिनिअर ती साफ करून पाठवतो. आमच्या बाबतीत हे खरोखर झालं.

फार मोठा आवाज मागू नका. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी साधारण -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीला आणतात. तुम्ही -६ वर दाबून दिलेलं गाणं तिथे खालीच येतं आणि दाबल्यामुळे गेलेला जीव परत येत नाही. ट्रू पीक (लहरीचं खरं सर्वांत उंच शिखर) -१ डेसिबलच्या खाली ठेवा. शिवाय एमपी३सारख्या फॉरमॅटना गोंगाट पचवायला जड जातो. झांजा आणि फझ एकत्र आले की पाण्यातून ऐकल्यासारखा आवाज येतो. मास्टर हातात आल्यावर कमी बिटरेटची फाइल बनवून एकदा ऐका.

व्हायनिल काढणार असाल तर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत ठेवा. मध्याकडच्या खाचांमध्ये वरच्या कंपनसंख्या नीट उमटत नाहीत.

## १०. कागदपत्रं आणि फाइली

प्रकाशनाच्या आठवड्यात धावाधाव नको असेल तर एवढं एका फोल्डरमध्ये ठेवा :

- हिस्स्यांचा करार. प्रत्येक गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांत कुणाचा किती टक्के वाटा, सगळ्यांच्या सह्यांसह. मैत्री असताना करा. आम्ही पहिल्या डेमोच्या दिवशी केला आणि त्यामुळे नंतर एकही भांडण झालं नाही.
- मुखपृष्ठाचा फोटो किंवा चित्र ज्याचं आहे त्याची लेखी परवानगी. फोटोत कुणाचा चेहरा असेल तर त्यांचीही.
- कुणाचंही रेकॉर्डिंग सॅम्पल म्हणून वापरलं असेल तर त्याची परवानगी. नसेल मिळत तर तो तुकडा काढा.
- प्रत्येक ट्रॅकचा स्वतंत्र आयएसआरसी. हा १२ अक्षर-अंकांचा असतो आणि रेकॉर्डिंगची ओळख असते. संपूर्ण अल्बमसाठी वेगळा बारकोड क्रमांक. बहुतेक डिजिटल वितरक हे दोन्ही देतात.
- मास्टर फाइली वेव्ह स्वरूपात, गाण्यांच्या नावांचं आणि क्रमाचं शुद्धलेखन तपासून.
- चौरस मुखपृष्ठ, ३००० × ३००० पिक्सेल.
- श्रेयनामावली आणि सगळ्या गाण्यांचे शब्द.

वितरकाकडे हे सगळं प्रकाशनाच्या तारखेआधी निदान चार आठवडे पोचवा. आपल्या देशातल्या हक्क-संस्थेत गीतकार-संगीतकार म्हणून नोंदणीही त्याच काळात उरका.

## ११. प्रोजेक्ट बंद करताना

अल्बम बाहेर पडला की सगळ्या प्रोजेक्ट फाइलींमधला प्रत्येक ट्रॅक, गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारी वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवा. सॉफ्टवेअर बदलतं, प्लगइन बंद पडतात, वेव्ह फाइल मात्र उघडते. दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. नॉबचे फोटो आणि ती वही त्याच खोक्यात ठेवा.

पहिल्या कार्यक्रमाची रिहर्सल लागेल तेव्हा हे खोकं उघडा. अल्बममधल्या तीन गिटारींपैकी रंगमंचावर बहुधा एकच असेल, तेव्हा प्रत्येक गाण्यातला कोणता भाग चाल वाहून नेतो ते वहीत शोधा आणि तेवढाच वाजवा. फीडबॅकची जागा नव्या खोलीत नव्याने शोधावी लागते, म्हणून साउंडचेकला अर्धा तास लवकर पोचा आणि चिकटपट्टी बरोबर न्या.